ड्राफ्टच नसता तर व्हिक्टर सॅन अँटोनिओला आला असता का?

अलामोकर

१६ मे २०२३ ची संध्याकाळ. एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या लॉटरीत पहिला क्रमांक सॅन अँटोनिओ स्पर्सला लागला, म्हणजे फ्रान्सचा व्हिक्टर वेम्बान्यामा निवडायची पाळी आमची, आणि आमच्या कॉलनीत लोक दारं उघडून बाहेर आले. कोपऱ्यावरचे मेक्सिकन आजोबा तर गाडीत बसून नुसता हॉर्न वाजवत होते. माझा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा. नाचून दमल्यावर त्यानं विचारलं, "बाबा, व्हिक्टर आता आपला ना? पण त्याला कुणी विचारलं का, तुला कुठं जायचंय म्हणून?"

तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात आहे.

बास्केटबॉल न बघणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. एनबीएत ३० संघ. दरवर्षी नवे खेळाडू ड्राफ्टमधून येतात. संघ एकामागून एक नावं उचलतात, आणि आधीच्या मोसमात जे तळाला होते त्यांना लॉटरीत वरचा क्रमांक लागण्याची शक्यता जास्त. खेळाडूला निवड नाही. पहिल्या फेरीतल्या पोराचा पगारही तक्त्यावरून ठरतो. चार वर्षं तो त्या संघाकडे, आणि त्यानंतर दुसऱ्या कुणी मोठा पगार देऊ केला तरी तेवढाच देऊन त्याला ठेवून घ्यायचा हक्क पुन्हा त्याच संघाचा.

सगळे म्हणतात, हे गेलं तर गुणी पोरं लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, मायामीला जातील आणि बाकीची शहरं ओस पडतील. स्पर्सवर तर ड्राफ्टचे उपकार उघडच आहेत. १९८७ ला डेव्हिड रॉबिन्सन, १९९७ ला टिम डंकन, २०२३ ला व्हिक्टर वेम्बान्यामा, तिघंही पहिल्या क्रमांकानं आले. १९९९ ते २०१४ मधल्या पाचही विजेतेपदांत डंकन होता.

तरीही माझं मत असं की छोट्या शहरांना ड्राफ्टची गरज सांगितली जाते तेवढी नाही. एकोणीस वर्षांच्या पोराला हवं काय असतं? मैदानावर वेळ, शिकवणारा प्रशिक्षक आणि पैसे. हे तिन्ही लहान शहर देऊ शकतं. तुम्हाला काय वाटतं?

पहाटेचा_प्रेक्षक

नाही. आला नसता.

पुण्यात साडेपाचचा गजर लावून पंधरा वर्षं मॅच बघतोय, लॉस एंजेलिस लेकर्सचा पाठीराखा आहे, आणि माझ्याच संघाचा इतिहास तुमच्या विरुद्ध साक्ष देतो. करीम अब्दुल-जब्बारला मिलवॉकीनं घेतलं, तो १९७५ मध्ये आमच्याकडे आला. शकील ओ'नीलला ऑर्लँडोनं घेतलं, तो १९९६ मध्ये आमच्याकडे. लेब्रॉन जेम्सला क्लीव्हलँडनं घेतलं, तो २०१८ मध्ये. अँथनी डेव्हिसला न्यू ऑर्लिन्सनं घेतलं, २०१९ मध्ये त्यानं मला दुसरीकडे पाठवा म्हटलं आणि तोही आमच्याकडे. कोबी ब्रायंटला तर शार्लटनं १३ व्या क्रमांकावर निवडून लगेच आमच्याकडे धाडलं. ड्राफ्ट असताना ही गत. नसेल तर मधली ती पाच-सात वर्षंसुद्धा त्या शहरांना मिळणार नाहीत.

गोट्या

म्हणजे हे इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडच्या बरोबर उलट झालं की. आपल्याकडे बोर्डात पहिला आलेला मुलगा कॉलेज निवडतो. तिकडे ज्या कॉलेजचा निकाल सगळ्यात वाईट, ते कॉलेज पहिल्या आलेल्या मुलाला निवडतं.

रेवती_सं

गोट्या, नेमकं बोललास. आणि त्या मुलानं "मला तिथं नको" म्हटलं की लोक त्यालाच गर्विष्ठ म्हणतात! १९९९ मध्ये स्टीव्ह फ्रान्सिसला व्हँकूव्हरनं दुसऱ्या क्रमांकावर घेतलं, त्यानं जायला नकार दिला, शेवटी ह्यूस्टनला पाठवावं लागलं. त्याच्यावर केवढी टीका झाली. मला आजही वाटतं त्याचं काही चुकलं नव्हतं. आपली पहिली नोकरी कुठल्या गावात करायची हे दुसऱ्या कुणी चिठ्ठ्या टाकून ठरवावं?

पिकअँडरोल

अलामोकर, तुमच्या बाजूनं एक मुद्दा, जो धाग्यात यायलाच हवा: पगाराची मर्यादा.

प्रत्येक संघाला खेळाडूंवर खर्च करायला ठरावीक रक्कम असते. २०२३-२४ मध्ये ती सुमारे १३.६ कोटी डॉलर होती. त्या वर्षी लेकर्सचे लेब्रॉन आणि डेव्हिस दोघंच मिळून सुमारे ८.८ कोटी घेत होते. मर्यादा ओलांडायला काही वाटा आहेत, पण त्या मुख्यतः स्वतःच्याच जुन्या खेळाडूंसाठी. बाहेरच्या नव्या पोराला मोठी रक्कम द्यायची तर जागा मोकळी लागते. आता समजा ड्राफ्ट नाही आणि व्हिक्टर खुल्या बाजारात आहे. लेकर्स त्याला काय देणार? उरलंसुरलं. तळाच्या संघांकडे मात्र रिकामी जागाही असते आणि रिकामी पाच नंबरची, म्हणजे उंच सेंटरची, पोझिशनही. म्हणजे ड्राफ्टनं जे काम करायचं तेच मर्यादाही थोडंफार करते, आणि पोराला विचारून करते.

खरा अन्याय तक्त्यात आहे. पहिल्या वर्षी व्हिक्टरला सुमारे १.२ कोटी डॉलर मिळाले. मोकळी बोली लागली असती तर तीनपट सहज.

पहाटेचा_प्रेक्षक

@पिकअँडरोल, जागा करता येते हो. २०१० साली मायामीनं लेब्रॉन, वेड आणि बॉश तिघांना एकत्र आणलं. संघ जवळपास रिकामा केला आणि तिघांनीही जास्तीत जास्त पगारापेक्षा कमी घेतला. समुद्रकिनारा, मित्र, कप जिंकायची संधी. यापुढे क्लीव्हलँडच्या जास्तीच्या पैशांना कोण विचारतं?

माधवी_इंडी

इंडियानापोलिसहून लिहितेय. इथं थंडीत संध्याकाळी पाचला अंधार पडतो आणि करण्यासारखं फार काही नसतं, म्हणून अख्खं गाव बास्केटबॉल बघतं. आमच्या राज्यात शाळेच्या मॅचलासुद्धा हजारो लोक येतात.

२०२५ च्या अंतिम फेरीत कोण होतं आठवा: ओक्लाहोमा सिटी आणि आम्ही, इंडियाना पेसर्स. दोन्ही छोटी शहरं, सात मॅचेस. आणि दोन्ही संघांचे मुख्य खेळाडू त्या-त्या संघानं ड्राफ्ट केलेलेच नव्हते! शे गिल्जस-अलेक्झांडर २०१९ मध्ये पॉल जॉर्जच्या बदल्यात लॉस एंजेलिसच्या क्लिपर्सकडून ओक्लाहोमाला आला. आमचा हॅलिबर्टन २०२२ मध्ये सॅक्रामेंटोकडून आला, सियाकम २०२४ च्या जानेवारीत टोरांटोकडून. सियाकमचा करार त्याच उन्हाळ्यात संपत होता, तो कुठंही जाऊ शकत होता. तो राहिला. का? कारण हॅलिबर्टनसोबत खेळायला मजा येते. सातव्या मॅचमध्ये हॅलिबर्टनच्या टाचेची शीर तुटली तेव्हा आमच्या घरात कुणी जेवलं नाही.

तेव्हा "छोटं शहर म्हणून कुणी येत नाही" हे वाक्य मला लागतं.

पिकअँडरोल

माधवीताई, एक बारीक दुरुस्ती, राग नसावा. पॉल जॉर्जच्या बदल्यात शे मिळाला तसे ड्राफ्टचे हक्कही, म्हणजे क्लिपर्सच्या जागी निवड करायच्या पाळ्याही, भरपूर मिळाले. जेलन विल्यम्स २०२२ मध्ये १२ व्या क्रमांकावर आला तो क्लिपर्सकडून मिळालेल्या हक्कावरच. त्याच वर्षी चेट होल्मग्रेन दुसऱ्या क्रमांकावर. ड्राफ्ट नसता तर ओक्लाहोमाला सौद्यात मिळालं काय असतं? ते हक्क म्हणजे छोट्या शहरांचं चलन आहे.

माधवी_इंडी

हे मान्य. चलनाचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता.

शंतनू_मिलवॉकी

वर करीमचं नाव आलं म्हणून. त्याची गोष्ट अर्धीच सांगितली गेलीय, आणि उरलेला अर्धा भाग या धाग्याचा जीव आहे.

१९६९ मध्ये तो ल्यू अल्सिंडर नावानं कॉलेजातून बाहेर पडला. फिनिक्स आणि मिलवॉकी यांच्यात नाणं उडवलं गेलं, मिलवॉकी जिंकलं. पण तेव्हा एबीए नावाची दुसरी लीगही होती, आणि तिथं त्याचा हक्क न्यूयॉर्क नेट्सकडे होता. म्हणजे पोराला खरोखर निवड होती. एका बाजूला त्याचं स्वतःचं न्यूयॉर्क, दुसऱ्या बाजूला त्याच्याशी काही संबंध नसलेलं आमचं थंडगार गाव. त्यानं दोघांना सांगितलं, प्रत्येकानं एकदाच आकडा सांगायचा, घासाघीस नाही. मिलवॉकीचा आकडा मोठा निघाला. नंतर एबीएवाले वाढवून द्यायला तयार झाले तरी त्यानं शब्द फिरवला नाही. १९७१ मध्ये आम्ही विजेते.

निवड असताना, मनात न्यूयॉर्क असताना, पोरगा मिलवॉकीला आला. पैसे जास्त होते म्हणून!

त्या काळातली आणखी उदाहरणं: मोझेस मलोन १९७४ मध्ये शाळेतून थेट यूटा स्टार्सकडे गेला, सॉल्ट लेक सिटीला. १९७५ मध्ये डेव्हिड थॉम्पसनला एनबीएत अटलांटानं पहिल्या क्रमांकावर घेतलं होतं, त्यानं एबीएतलं डेन्व्हर पसंत केलं. दोन लीग असल्यामुळे बोली लागायची, आणि बोली लागली की लहान गावं जिंकायची. अलामोकर, तुमचा स्पर्ससुद्धा त्याच एबीएतून १९७६ मध्ये एनबीएत आला. पेसर्स आणि डेन्व्हरचा नगेट्सही.

पहाटेचा_प्रेक्षक

सुरेख प्रतिसाद. पण शंतनू, १९७५ मध्ये करीम निघालाच ना? न्यूयॉर्क नाहीतर लॉस एंजेलिस, असं सांगून.

शंतनू_मिलवॉकी

निघाला. सहा वर्षं दिली, कप दिला, आणि इथलं जीवन आपल्याला मानवत नाही असं सरळ सांगून गेला. माझ्या शेजारचे ऐंशीच्या पुढचे गृहस्थ आजही त्याच्याबद्दल प्रेमानं बोलतात. सहा वर्षं काही कमी नसतात.

आणि आमच्या यानिस अँटेटोकुन्पोचंही सांगतो. २०१३ मध्ये १५ व्या क्रमांकावर आला, तेव्हा त्याला कुणी ओळखत नव्हतं. २०२० च्या डिसेंबरमध्ये त्यानं पाच वर्षांचा सुमारे २२.८ कोटी डॉलरचा करार केला आणि पुढच्याच उन्हाळ्यात कप आणला. पन्नास वर्षांनी. आम्ही पासष्ट हजार माणसं रस्त्यावर होतो.

मृण्मयी_क

बेसबॉल बघणाऱ्यांच्या वतीनं एक वेगळी बाजू. तिथं जपान आणि लॅटिन अमेरिकेतल्या पोरांना ड्राफ्ट लागू नाही. पंचविशीच्या आतला पोरगा असेल तर प्रत्येक संघाला एक छोटी ठरलेली थैली, त्यातूनच द्यायचं. म्हणजे अलामोकर ज्याची कल्पना करतायत तो प्रयोग तिथं चालूच आहे.

२०१७ च्या डिसेंबरमध्ये शोहेई ओतानी आला. सुमारे २३ लाख डॉलर घेऊन एंजल्सकडे गेला. २०२५ च्या जानेवारीत रोकी सासाकी आला, ६५ लाख घेऊन डॉजर्सकडे. दोघंही लॉस एंजेलिसच्या परिसरात. सगळ्यांची थैली जवळपास सारखी असली की कॅन्सस सिटी किंवा मिलवॉकीकडे पोरगा बघत नाही. सासाकीच्या शेवटच्या यादीत सॅन डिएगो होतं, तेवढीच काय ती छोट्यांची लाज राखली गेली.

पिकअँडरोल

मृण्मयी, तुझा आणि शंतनूचा प्रतिसाद शेजारी ठेवून बघा सगळ्यांनी. करीमच्या वेळी आकडा मोकळा होता, लहान गाव जिंकलं. सासाकीच्या वेळी आकडा बांधलेला होता, मोठं शहर जिंकलं. किंमत सगळ्यांची सारखी झाली की माणूस मग हवा, समुद्र, मित्र बघतो.

एनबीएत १९९८-९९ च्या टाळेबंदीनंतर प्रत्येक खेळाडूच्या पगारावरही कमाल मर्यादा आली. आज लीगमध्ये नव्यानं येणाऱ्या खेळाडूला संघाच्या मर्यादेच्या २५ टक्क्यांपेक्षा जास्त देताच येत नाही. हे कायम ठेवून फक्त ड्राफ्ट काढला, तर आठ-दहा संघ व्हिक्टरला एकच आकडा देतील आणि मग त्यातलं सगळ्यात आकर्षक शहर जिंकेल. पण ती कमाल मर्यादाही काढली तर यूटा म्हणेल, घे बाबा निम्मी थैली तुझी.

रेवती_सं

आणि तिथंच एक गोष्ट विसरू नका: टेबलाखालचे पैसे. आकडा बांधला की लोक खालून द्यायला लागतात. मिनेसोटानं जो स्मिथशी गुपचूप करार केला म्हणून २००० साली ३५ लाख डॉलर दंड आणि पहिल्या फेरीचे पाच हक्क काढून घेतले गेले (पुढे काही परत दिले). मिनेसोटा म्हणजे काही न्यूयॉर्क नव्हे, छोट्यांनाही हा मोह होतो. आपल्याकडे आयपीएलमध्ये रवींद्र जडेजाला २०१० चा अख्खा मोसम बाहेर बसावं लागलं, कारण नियम मोडून त्यानं दुसऱ्या संघाशी परस्पर बोलणी केली.

गोट्या

अवांतर: आयपीएलच्या पहिल्या वर्षी, २००८ मध्ये, १९ वर्षांखालच्या पोरांचा लिलाव नव्हता, ड्राफ्टच होता. दिल्लीनं प्रदीप सांगवानला घेतलं आणि दिल्लीचाच विराट कोहली बंगळुरूला गेला. पुढं सतरा वर्षांनी, २०२५ मध्ये, त्याच बंगळुरूसोबत तो कप जिंकून रडला. त्यालाही कुणी विचारलं नव्हतं तुला कुठं जायचंय म्हणून.

अलामोकर

गोट्या, हे मुलाला वाचून दाखवलं. त्याला कोहली माहीत आहे, हे माहीत नव्हतं.

सगळ्यांचे आभार. सॅन अँटोनिओला "छोटं" का म्हणतात, असं एकानं व्यक्तिगत निरोपात विचारलं. लोकसंख्येत आमचं शहर अमेरिकेत सातवं आहे. पण इथं "मार्केट" म्हणजे टीव्ही बघणारी घरं, आजूबाजूचा परिसर आणि जाहिरात देणाऱ्या मोठ्या कंपन्या. त्या हिशोबात आम्ही खालच्या निम्म्यात.

डॉ_सुहास

मला बास्केटबॉलमधलं फार कळत नाही. पण धागा वाचताना स्वतःचं आठवलं म्हणून लिहितो.

सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालो की बंधपत्र असतं, एक वर्ष शासन पाठवेल तिथं. मला नंदुरबार जिल्ह्यातलं एक प्राथमिक आरोग्य केंद्र मिळालं. मी मूळचा ठाण्याचा. पहिले दोन महिने रोज दिवस मोजत होतो. तुमचा ड्राफ्ट म्हणजे हेच: गावाला डॉक्टर मिळतो, पण एका वर्षासाठी, आणि तो मनानं तिथं नसतो.

तिसऱ्या महिन्यात एक अडलेली बाळंतीण आली. बाहेर पाऊस, पूल पाण्याखाली. तिथल्या सिस्टर वीस वर्षांच्या अनुभवाच्या. त्यांनी माझा हात धरून, खरोखर हात धरून, मला शिकवलं. बाळ रडलं तेव्हा मीही रडलो. ठाण्यात राहिलो असतो तर त्या वर्षात मी फक्त वरिष्ठांच्या मागं फायली घेऊन फिरलो असतो. बंधपत्र संपल्यावर मी आणखी दोन वर्षं तिथंच राहिलो.

पण खरं सांगायचं तर बंधपत्र नसतं तर मी कधीच गेलो नसतो. कुणी कितीही सांगितलं असतं, तिथं शिकायला मिळेल, जबाबदारी मिळेल, तरी नसतो गेलो. तेव्हा अलामोकर, सक्तीला मी सरसकट वाईट म्हणू शकत नाही.

माधवी_इंडी

डॉक्टरसाहेब, नमस्कार घ्या. त्या सिस्टरांनाही.

रेवती_सं

सुंदर लिहिलंत. तरी एक विचारते. तुमच्याऐवजी सिस्टरांना चांगला पगार, राहायला घर, मुलांना शाळा मिळाली असती, आणि तीच सोय तुम्हाला देऊ केली असती, तर? सक्तीमुळे शासनाला ती सोय करायची गरजच उरत नाही. ड्राफ्टचंही तेच. सॅक्रामेंटो २००६ ते २०२३ पर्यंत बाद फेरीत पोचलं नाही. सोळा मोसम! जवळजवळ दरवर्षी वरच्या क्रमांकाचा पोरगा मिळत होता. तो मिळणारच आहे म्हटल्यावर घर नीट लावायची घाई कुणाला?

वरळीकर

सॅक्रामेंटोचा उल्लेख झाला, आता माझं येणं भाग आहे. ५ ऑक्टोबर २०१९, वरळीचा डोम, सॅक्रामेंटो विरुद्ध इंडियाना. आदल्या दिवशीची मॅच शाळेच्या मुलांसाठी होती, दुसऱ्या दिवशीचं तिकीट मी मिळवलं. भारतात पहिल्यांदा एनबीए आली ती दोन छोट्या शहरांचे संघ घेऊन, कारण सॅक्रामेंटो किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे. त्या दिवसापासून मी किंग्जचा.

रेवतीताईंचं म्हणणं झोंबलं, पण खोडता येत नाही. २०१८ मध्ये दुसरा क्रमांक आमच्याकडे होता. लुका डॉन्चिच समोर होता. आम्ही मार्विन बॅग्लीला घेतलं. हक्क हातात असून पोरगा ओळखता आला नाही. मग आणलेल्या हॅलिबर्टनलाही सोडलं, सबोनिस मिळावा म्हणून (सबोनिसवर माझा राग नाही, त्यानंच आम्हाला २०२३ मध्ये बाद फेरी दाखवली). छोट्या शहराला ड्राफ्टपेक्षा चांगली नजर जास्त उपयोगी पडते.

पिकअँडरोल

+१. योकिच २०१४ मध्ये ४१ वा आला. तोवर ४० वेळा इतर नावं पुकारली गेली होती! जिनोबिली १९९९ मध्ये ५७ वा, पार्कर २००१ मध्ये २८ वा. यांच्यासाठी ड्राफ्ट नसता तरी डेन्व्हर आणि सॅन अँटोनिओच पुढं आले असते, कारण बाकी कुणी बघतच नव्हतं.

ड्राफ्टमध्ये निवड न झालेल्या पोरांना कुठंही जाता येतं, तिथं काय घडतं तेही बघा. ऑस्टिन रीव्हजनं २०२१ मध्ये दुसऱ्या फेरीत निवड होऊ न देता लेकर्सकडे जाणं पसंत केलं. मायामीनं तर अशी बरीच पोरं घेऊन २०२३ ची अंतिम फेरी गाठली. म्हणजे मोठ्यांकडे ओढा आहे. पण ल्यूगंट्झ डॉर्ट त्याच वाटेनं २०१९ मध्ये ओक्लाहोमाला गेला, मैदानावर वेळ मिळाला, आणि २०२५ च्या विजेत्या संघात पहिल्या पाचांत होता.

शंतनू_मिलवॉकी

कॉलेजचंही उदाहरण घ्या. शाळेतून कॉलेजात जाताना ड्राफ्ट नसतो, पोरगा स्वतः ठरवतो. आणि पोरं जातात कुठं? केंटकीचं लेक्सिंग्टन, कॅन्ससचं लॉरेन्स, ड्यूकचं डरहॅम. अँथनी डेव्हिस शिकागोचा, गेला लेक्सिंग्टनला. चेट होल्मग्रेन मिनियापोलिसचा, गेला स्पोकेनला, गोंझागाकडे. ही काही झगमगाटाची शहरं नव्हेत. अठराव्या वर्षी पोरगा प्रशिक्षक आणि परंपरा बघतो.

पहाटेचा_प्रेक्षक

हे उदाहरण मला हलवून गेलं. पण कॉलेज म्हणजे एक वर्ष. तिथून पुढं एनबीएचा रस्ता दिसत असतो. आयुष्य कुठं काढायचं हा प्रश्न तेव्हा नसतो.

बाळूकाका_नागपाडा

पोरांनो, मी मस्तान तलावच्या कोर्टवर चाळीस वर्षं मुलांना खेळवतोय. आपल्या देशात ड्राफ्टबिफ्ट काही नाही. आपल्याकडे नोकरी आहे. रेल्वे, सेनादल, बँक, तेल कंपनी. ज्याच्याकडे खेळाडूंसाठी पक्की जागा, त्याच्याकडे खेळाडू. मुलींमध्ये रेल्वे इतकी वर्षं जिंकत आली ती उगाच नाही. केरळची मुलगी असो, छत्तीसगडची असो, नोकरी मिळाली की तिकडे. शहर कुठलं, हे कुणी विचारत नाही.

माझ्याकडे आत्ता एक मुलगी आहे, एकोणीस वर्षांची, डाव्या हातानं असा ले-अप घालते की बघत राहावं. तिला दोन ठिकाणांहून बोलावणं आहे. एक मोठ्या शहरातली अकादमी: उत्तम जिम, परदेशी प्रशिक्षक, वसतिगृह, महिन्याला थोडं मानधन. दुसरं एका लहान गावात, सरकारी खात्यात कायम नोकरी आणि त्यांच्या संघात जागा. तिचे वडील टॅक्सी चालवतात. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय. मला विचारते, काका काय करू. मी अजून काही बोललो नाही.

रेवती_सं

काका, तिला म्हणावं दोन्हीकडच्या प्रशिक्षकांना विचार, मला मॅचमध्ये किती मिनिटं खेळवणार.

अलामोकर

काका, तुमच्या प्रतिसादापाशी मी दोन दिवस थांबलो. आता माझं बदललेलं मत मांडतो.

आज जे नियम आहेत ते तसेच ठेवून फक्त ड्राफ्ट काढला, तर दरवर्षीची वरची दोन-तीन नावं छोट्या शहरांना मिळणार नाहीत. सासाकीच्या उदाहरणानं माझी खात्री पटली. सॅन अँटोनिओत फ्रान्सचा टोनी पार्कर खेळून गेला, पॉपोविचसारखा प्रशिक्षक होता, टेक्ससमध्ये राज्याचा आयकर नाही, म्हणून व्हिक्टर कदाचित आमच्याकडे आला असता. शार्लटकडे तेवढंही नाही.

पण ड्राफ्टसोबत तक्ता आणि कमाल पगारही गेला आणि संघाची एकूण मर्यादा कडक राहिली, तर मला वाटतं छोटी शहरं टिकतील. लेकर्सला एकाच खेळाडूत निम्मी थैली घालावी लागेल, मग दुसरा कुठून आणणार? टीव्हीचे पैसे तर सगळ्यांना सारखेच येतात. २०२५-२६ पासूनचा करार ११ वर्षांचा, सुमारे ७,६०० कोटी डॉलरचा, ३० संघांत समान वाटणी. म्हणजे यूटाकडे द्यायला पैसे नाहीत असं मुळीच नाही. देऊ दिले जात नाहीत.

आणि निवडीसाठी खेळाडू आधीही लढलेच आहेत. ऑस्कर रॉबर्टसननं १९७० मध्ये दावा लावला, १९७६ मध्ये तडजोड झाली, तेव्हा कुठं करार संपल्यावर दुसरीकडे जायची वाट उघडली. तो वाढला इंडियानापोलिसमध्ये, कॉलेज सिनसिनाटीत, आणि १९६० मध्ये सिनसिनाटीनंच त्याला स्थानिक हक्कावर घेतलं. १९६५ पर्यंत तशी सोय होती: आपल्या भागातला पोरगा आपल्याला. आपल्या कॉलेजच्याच गावात खेळलेल्या माणसानंही म्हटलं की निवड माझी असू दे. माझ्या मुलाच्या प्रश्नाला हेच उत्तर देणार आहे.

पहाटेचा_प्रेक्षक

व्हिक्टरच्या बाबतीत मी अजून "नाही"वरच. पण कमाल पगार काढला तर यानिस आणि शे आपापल्या गावी राहतील, हे मान्य. शे तर कमाल पगार असतानाही राहिला, २०२५ च्या जुलैमध्ये चार वर्षं आणखी.

डॉ_सुहास

रेवतीताईंच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. ती सोय देऊ केली असती तर? हो, बहुतेक गेलो असतो. घर आणि शाळा नव्हती म्हणूनच आमच्या बॅचचे तिघं परत आले.

बाळूकाका_नागपाडा

मुलीनं ठरवलं. नोकरी घेतली, लहान गावातली. रेवतीबाई, तिनं मिनिटांचं विचारलं. अकादमीवाले म्हणाले, बघू. गावातल्या प्रशिक्षक बाईंनी सांगितलं, पहिल्या दिवसापासून पॉइंट गार्ड तूच. पण ती मला म्हणाली, काका, मिनिटं नसती तरी गेले असते, बाबांची टॅक्सी अजून हप्त्यावर आहे.

रविवारी मुंबई सेंट्रलला आमची सगळी पोरं तिला सोडायला आली होती. बॉल तिनं सामानात घेतला नव्हता, हातात धरला होता. गाडी हलली तेव्हा दारातून तिनं तो फलाटावर पास दिला, आमच्या सगळ्यात धाकट्या मुलाकडे. तो अजून घरी घेऊन झोपतो म्हणे.